गाडी चालू होते, पण चालू राहत नाही

प्रश्न : काका, नमस्कार. आम्ही मूळचे डोंबिवलीचे, सध्या इंग्लंडात ब्रिस्टलला असतो. मागच्या उन्हाळ्यात हौसेने फोक्सवॅगनची १९७२ची कॅम्परव्हॅन घेतली. पुढची काच अखंड आणि गोलसर, मागे १६००चं एअर-कूल्ड इंजिन, आत दोन बर्नरची शेगडी आणि रात्री पलंग होणारा बाक. उन्हाळाभर छान फिरलो. थंडी सुरू झाली आणि हिचं बिनसलं. सकाळी चावी फिरवली की पहिल्या झटक्यात चालू होते, दहा-पंधरा सेकंद चालते आणि आचके देत बंद पडते. पुन्हा चालू, पुन्हा बंद. मी ॲक्सिलरेटर दाबून रेस देत राहिले तर चालते. पाय काढला की संपलं. असं करत निघालो तरी पहिल्या-दुसऱ्या सिग्नलला उभी राहते. इथले लोक मागून हॉर्न मारत नाहीत, नुसते बघत बसतात, ते जास्त लागतं. पाच-दहा मिनिटं थांबून सेल्फ मारला की काही झालंच नाही अशी चालू होते. नवऱ्याने बॅटरी बदलली, प्लग बदलले, कॉइल बदलली. एका गॅरेजवाल्याने कार्बोरेटरचा स्क्रू पिळून स्लो (पाय काढल्यावरचा इंजिनाचा वेग) वाढवून दिला, आठवडाभर बरी चालली, मग पुन्हा तेच. आता नवा कार्बोरेटर आणि इलेक्ट्रिक पंप मागवायचं घाटतंय. सासूबाई नाताळात येणार आहेत, त्यांना कॉर्नवॉलला न्यायचंय. काय करू?

उत्तर : ताई, पहिलं काम म्हणजे नवऱ्याची खरेदी थांबवा. पहिल्या झटक्यात चालू होणाऱ्या इंजिनाला बॅटरी, कॉइल आणि प्लग बदलून काय मिळणार होतं? ठिणगी पडतेय, कॉम्प्रेशन आहे, पेट्रोल पोचतंय, म्हणून तर ते चालू होतंय. बिघाड चालू होण्यात नाही, चालू राहण्यात आहे, आणि तुमच्या गाडीत या दोन गोष्टींसाठी पेट्रोल दोन वेगवेगळ्या वाटांनी येतं.

पेट्रोल आणि हवा मिसळतात ती कार्बोरेटरमध्ये. थंड इंजिन चालू करताना त्याच्या तोंडावरची चोकची पाकळी मिटलेली असते, त्यामुळे हवा कमी आणि पेट्रोल जास्त. शिवाय चोकच्या दांड्यावर पायऱ्या कापलेली एक चकती असते, ती खालची, ॲक्सिलरेटरने उघडणारी थ्रॉटलची पाकळी थोडी उघडी धरते. इंजिन तापत जातं तशी चोकची पाकळी उघडते, थ्रॉटल मिटतं, आणि मग स्लोवर चालताना इंजिनाला पेट्रोल मिळतं ते एका बारीक वाटेने, म्हणजे स्लो जेटमधून. ही वाट बंद असेल तर इंजिन चोकच्या जोरावर चालू होईल, तुम्ही रेस देत राहाल तोवर चालेल आणि पाय काढलात की मरेल. तुम्ही अगदी हेच लिहिलं आहे. बाकीचं पत्र नसतं तरी एवढ्या एका वाक्यावर मी कार्बोरेटरच्या स्लोच्या वाटेवरच बोट ठेवलं असतं.

त्या गॅरेजवाल्याने तर नकळत पुरावाच दिला. त्याने थ्रॉटलचा स्क्रू आत पिळला, पाकळी कायमची जरा उघडी राहिली, तिच्या कडेची भोकं उघडी पडली आणि त्यातून पेट्रोल येऊ लागलं. बंद वाटेला वळसा मिळाला, म्हणून आठवडाभर चाललं. थंडी वाढली, तेवढं पुरेना.

आता क्रमाने बघा. हातात एक टेस्ट लॅम्प, एक स्क्रूड्रायव्हर आणि जुनं फडकं पुरे.

सगळ्यात आधी फुकटातलं. गाडी चालू करण्याआधी ॲक्सिलरेटर एकदा पूर्ण दाबून सोडता का? इंजेक्शनच्या गाड्यांवर शिकलेली माणसं चालू करताना पाय लांबच ठेवतात, आणि ते त्या गाड्यांना बरोबरही आहे. पण या गाडीचा ऑटोमॅटिक चोक पॅडल दाबल्याशिवाय लागत नाही. चकतीची पायरी थ्रॉटलच्या दांड्याखाली अडकलेली असते, पॅडल दाबलं की सुटते आणि स्प्रिंग पाकळी मिटवते. उन्हाळ्यात हे केलं नाही तरी खपतं. ब्रिस्टलच्या नोव्हेंबरात नाही.

मग एअर क्लीनर काढून ठेवा आणि कार्बोरेटर बघा. १९७२च्या १६०० इंजिनावर मूळचा असेल तर सोलेक्स ३४ पिक्ट-३ असणार. नाव अंगावरच उठवलेलं असतं. त्याच्या बाजूला बोटाच्या पेराएवढा पितळी-पत्र्याचा एक नळकांडा स्क्रूसारखा बसवलेला दिसेल, शेपटाला एक वायर. हा कट-ऑफ व्हॉल्व्ह. चावी बंद केल्यावर इंजिन गचके देत चालत राहू नये म्हणून स्लोची वाट बंद करण्यासाठी तो बसवला. चावी चालू केली की वीज मिळते, आतली सुई मागे सरकते आणि वाट उघडते. वीज मिळाली नाही किंवा तो जळला, की वाट बंदच राहते. इंजिन चालू न करता चावी नुसती चालू करा, त्याची वायर काढून पुन्हा टेकवा. ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. एकदा नाही, जितक्या वेळा टेकवाल तितक्या वेळा. आवाज नसेल तर वायरला टेस्ट लॅम्प लावा. दिवा लागतो पण टक् नाही, तर व्हॉल्व्ह गेला. दिवाच लागत नाही, तर वायर उलट दिशेने कॉइलपर्यंत चाचपत जा. याच कॉइलच्या पॉझिटिव्हवरून चोकलाही वीज जाते. नवऱ्याने कॉइल बदलली म्हणालात ना? बदलताना एखादी बारीक काळी वायर परत लावायची राहिली की दोन्ही एकदम मरतात. मी सुरुवात तिथूनच करीन.

इथे थोडं विषयांतर करतो. मला या गाड्या कळतात त्याचं कारण आमचं गोव्यातल्या म्हापशाचं गॅरेज. सत्तरच्या दशकात युरोपातले हिप्पी इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर, दिल्ली करत याच व्हॅनमधून थेट हणजूणला (अंजुनाला) येऊन थडकायचे. १९७९ साली इराणात क्रांती झाली, वर्षाअखेरीस रशियन फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि ती वाट मिटली. तोवर मात्र शुक्रवारच्या बाजारादिवशी गॅरेजबाहेर एखादी तरी व्हॅन उभी असायची. सुटे भाग? शून्य. मुंबईतसुद्धा मिळायचे नाहीत. त्यामुळे आमच्या उस्तादांची शिस्त एकच, कारण सापडेपर्यंत पाना उचलायचा नाही. एका फ्रेंच जोडप्याची गाडी अगदी तुमच्यासारखीच, पाय काढला की बंद. उस्तादांनी वायर टेकवून कान लावला, आवाज नाही. व्हॉल्व्ह सोडवला, पक्कडीने आतल्या सुईचं टोक कट्कन कापलं आणि नुसतं बूच म्हणून परत पिळून बसवला. गाडी स्लोला अशी चालली की ते दोघे टाळ्या वाजवायला लागले. चावी बंद केल्यावर दोनचार गचके द्यायची खरी, पण पाळोळेला जाऊन आली. तुम्ही सुई कापू नका. तुमच्याकडे नवा व्हॉल्व्ह दोन दिवसांत घरपोच येतो. पण तो मागवण्याआधी टक् ऐका.

टक् आला, तर स्लो जेट काढा. पितळेचा लहानसा स्क्रू, मधलं भोक केसासारखं बारीक. उजेडाकडे धरा. गोल, स्वच्छ भोक दिसलं पाहिजे. रॉकेलच्या स्टोव्हला आपण पिन मारायचो, तशी यात पिन किंवा तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की पेट्रोलचा हिशोब कायमचा चुकतो. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा आणि हवेचा दाब एवढंच. डोळ्याला चष्मा लावून करा, तो फवारा फार झोंबतो.

आता चोक. थंड इंजिनावर पॅडल एकदा दाबून सोडल्यावर वरची पाकळी जवळजवळ पूर्ण मिटलेली दिसली पाहिजे. कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही बघत राहा, तोंड मात्र लांब ठेवून. इंजिनाने पकडल्या क्षणी पाकळी आपोआप किंचित उघडली पाहिजे. हे काम कार्बोरेटरच्या अंगावर तीन स्क्रूंनी बसवलेल्या टोपणाखालचा रबरी डायफ्राम करतो. तो फाटला असेल तर पाकळी मिटलेलीच राहते, इंजिन पेट्रोल पिऊन गुदमरतं, मागे काळा धूर आणि पेट्रोलचा भपकारा. तुम्ही धुराबद्दल काही लिहिलं नाही, म्हणून मी डायफ्रामला दुसऱ्या रांगेत बसवतो. धूर असेल तर पहिल्या रांगेत आणा. डायफ्रामचा संच स्वस्त आहे. उलट पॅडल दाबूनही पाकळी उघडीच राहत असेल तर चोकच्या गोल टोपणाची खूण बघा. टोपणावर रेघ असते, घरावर खाचा असतात, रेघ मधल्या खाचेसमोर हवी. आणि दोनचार मिनिटांत पाकळी सरळ उभी राहिली पाहिजे. राहत नसेल तर चोकला वीज मिळत नाही. म्हणजे पुन्हा तीच काळी वायर.

कार्बोरेटरखालून चोरून हवा शिरत असेल तरी स्लो टिकत नाही. तुमच्या इंजिनाच्या इनटेकचे, म्हणजे कार्बोरेटरकडून इंजिनात जाणाऱ्या नळीचे, तीन तुकडे असतात, मधला आणि दोन टोकांचे, जोडावर रबरी बूट आणि क्लॅम्प. हे बूट दिसायला ठणठणीत, पण वाकवले की खालून फुटलेले. काही लोक इथे क्लीनरचा फवारा मारून तपासतात. चालत्या इंजिनावर पेटणारा फवारा मारायचा नाही. साधं पाणी बाटलीतून फुसफुस मारा. ज्या जागी मारल्यावर इंजिनाचा सूर बदलतो तिथे फट आहे. डेल्कोकडे (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडे) जाणारी बारीक व्हॅक्यूमची नळीही बघा, टोकाशी चिरलेली असते. थ्रॉटलचा दांडा बोटाने हलवून बघा. पन्नास वर्षांच्या कार्बोरेटरात तो खुळखुळत असेल तर तिथूनही हवा जाते, आणि तेवढ्या एका कारणासाठी मात्र कार्बोरेटर नवा किंवा बुश घालून दुरुस्त केलेला घ्यावा लागतो. दुरुस्त केलेला जुना मिळाला तर मी तोच घेईन.

एवढ्याने घरासमोरचं बंद पडणं मिटेल असं मला वाटतं. सिग्नलचं कोडं मात्र वेगळं असू शकतं. थंडीतच होतं, थोडं चालल्यावर होतं, आणि पाच-दहा मिनिटं थांबलं की आपोआप बरं होतं. ताई, हा बर्फ आहे! पेट्रोलची वाफ होताना कार्बोरेटर गार पडतो. बाहेर शून्य ते दहा डिग्री आणि हवा ओली असली की त्या हवेतलं पाणी आत थ्रॉटलपाशी गोठतं आणि वाट बुजवतं. गाडी उभी राहिली की खालच्या गरम इंजिनाची धग वर येते, बर्फ वितळतो आणि गाडी शहाण्यासारखी चालू होते. कडाक्याच्या कोरड्या थंडीपेक्षा तुमच्या तिकडची ओली, गारठ्याची सकाळ याला जास्त पोषक. आम्हाला गोव्यात हा रोग कधीच भेटला नाही. आमच्या पावसात पाणी भरपूर, पण गारठा कुठला?

फोक्सवॅगनच्या लोकांना हे ठाऊक होतं. म्हणून इनटेकच्या नळीला चिकटून खालून दुसरी एक बारीक नळी जाते. तिची दोन्ही टोकं सायलेन्सरला जोडलेली, आतून एक्झॉस्टचा गरम धूर फिरतो आणि कार्बोरेटरचं बूड ऊबदार राहतं. इंजिन थंड असताना चालू करा, रेस देत चारपाच मिनिटं चालवा आणि या नळीवर दोन्ही बाजूंना पाण्याचे थेंब टाका. चर्र झालं पाहिजे. एका बाजूला चर्र आणि दुसरीकडे थेंब तसाच, किंवा दोन्हीकडे थंड, तर नळी कार्बनने चोंदली आहे. बंद पडल्या पडल्या मागचं झाकण उघडून बघा. कार्बोरेटरखाली नळीवर पांढरं दव गोठलेलं दिसलं तर मग शंकाच उरली नाही.

सायलेन्सर अलीकडे बदललेला असेल तर आधी सायलेन्सरचाच संशय घ्या. बाजारातल्या कित्येक सायलेन्सरांना त्या जोडाच्या पट्टीत एका बाजूला भोकच पाडलेलं नसतं, किंवा पॅकिंग बिनभोकाचं येतं. बसवणारा बोल्ट आवळून मोकळा होतो. कार्बन असेल तर इनटेक खाली उतरवून नळीत क्लचची जुनी केबल घालायची, टोक पिंजारून ड्रिलला लावायची आणि फिरवत आत न्यायची. वेळखाऊ, काळंकुट्ट काम आहे. जुनं धोतर नेसून करावं असं. एअर क्लीनरला इंजिनाकडून गरम हवा आणणारी जाड नळी असते, ती जागेवर आहे का तेही बघा. पुष्कळ मालक शोभेसाठी लहान, चकचकीत फिल्टर बसवतात आणि ती नळी अडगळीत जाते.

सगळं झालं की त्या गॅरेजवाल्याचा स्क्रू परत फिरवायचा. इंजिन पूर्ण गरम, चोक उघडा. चकतीला टेकणारा थ्रॉटलचा स्क्रू पूर्ण बाहेर सोडा, मग चकतीच्या सगळ्यात खालच्या पायरीला जेमतेम टेकेपर्यंत आत आणा आणि त्यापुढे पाव फेरा. यानंतर त्याला हात लावायचा नाही. स्लो ठरवायचं कार्बोरेटरच्या बाजूच्या दोन स्क्रूंनी. मोठा स्क्रू हवेचा, त्याने वेग बदलतो. लहान स्क्रू पेट्रोलच्या मिश्रणाचा. लहान स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत, मग अडीच फेरे बाहेर. मोठ्याने ८५० आरपीएम आणा. लहान स्क्रू सावकाश फिरवत इंजिन सगळ्यात जलद कुठे चालतं ते शोधा, तिथून २०-३० आरपीएम उतरेल इतका आत घ्या, आणि मोठ्याने पुन्हा ८५०. त्याआधी डेल्कोतल्या पॉइंटची गॅप ०.४ मिलिमीटर आणि थंड इंजिनावर टॅपेटची फट ०.१५ मिलिमीटर फिलर गेजने बघून घ्या. ही दोन चुकलेली असतील तर स्क्रू किती फिरवले तरी सूर लागत नाही.

इलेक्ट्रिक पंप नको. मूळचा पंप इंजिनावर चालतो, इंजिन थांबलं की तोही थांबतो. इलेक्ट्रिक पंप दाब जास्त देतो, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई तो पेलत नाही आणि पेट्रोल वर येतं. आणि गाडी कुठे आपटून इंजिन बंद पडलं तरी, वेगळी कळ लावलेली नसेल तर तो पेट्रोल ओततच राहतो.

यावरून सगळ्यात महत्त्वाचं. या गाड्या जळतात. कारण रबरी नळी. ग्रेट ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१पासून पंपावरचं साधं पेट्रोल ई१० झालं, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल, आणि जुनं रबर त्याने सडतं. चाळीस वर्षांवरच्या गाडीला तुमच्याकडे वार्षिक तपासणीची सक्तीही नाही, त्यामुळे मागचं झाकण उघडून कोणी बघतच नाही. इंजिनाभोवतालच्या आणि टाकीखालच्या सगळ्या पेट्रोलच्या नळ्या आर-९ दर्जाच्या नव्या घाला, प्रत्येक टोकाला क्लिप. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल जातं ती पितळी नळी नुसती ठोकून बसवलेली असते. बोटाने ओढून बघा, हलली तर गाडी रस्त्यावर काढू नका. इंजिनाच्या खणात कोणी पारदर्शक फिल्टर लटकवला असेल तर तो तिथून काढून टाकीजवळ न्या. पेट्रोल सुपरचं भरा, त्यात इथेनॉल कमी. नवऱ्याला खरेदीच करायची असेल तर या नळ्या आणि एक चांगलं अग्निशामक घेऊ द्या, आणि ते मागे नको, ड्रायव्हरच्या सीटशी.

सासूबाईंना कॉर्नवॉलला जरूर न्या. पण आधी एखाद्या ओल्या, गारठ्याच्या सकाळी तासभर एकट्याच फिरून या.

प्रश्न : आमची १९७८ची वेस्टफालिया कॅम्पर कॅलिफोर्नियात आहे. २००० सीसी, फ्युएल इंजेक्शन. चावी फिरवून धरली तोवर इंजिन चालतं, चावी सोडली की त्याच क्षणी बंद. वरच्यासारखाच कार्बोरेटरचा दोष का?

उत्तर : तुमच्या गाडीत कार्बोरेटरच नाही, त्यामुळे वरचं उत्तर विसरा. पण तुम्ही ‘त्याच क्षणी’ लिहिलंत ते फार कामाचं. ब्रिस्टलच्या ताईंची गाडी पंधरा सेकंद चालते, तुमची चावीबरोबर मरते.

तुमच्या एल-जेट्रॉनिक इंजेक्शनमध्ये पेट्रोलच्या पंपाला वीज दोन वाटांनी मिळते. सेल्फ फिरत असताना थेट. सेल्फ सोडल्यावर एअर फ्लो मीटरमधून, म्हणजे आत जाणारी हवा मोजणाऱ्या भागातून: इंजिन हवा ओढतं, मीटरमधली पाकळी उघडते आणि आतला कॉन्टॅक्ट जुळतो. अपघातात इंजिन थांबलं तर पंपही थांबावा म्हणून ही योजना. हा दुसरा रस्ता तुटला की तुमच्यासारखं होतं. एअर क्लीनर सोडवा, चावी चालू ठेवा पण सेल्फ मारू नका, आणि बोटाने ती पाकळी हळूच आत ढकला. टाकीजवळ पंपाचा घूं असा आवाज आला पाहिजे. आला नाही तर मीटरमधला कॉन्टॅक्ट किंवा पुढचा डबल रिले. आला, तर पाकळी चालताना उघडतच नाही असं समजा. कधीतरी इनटेकमधून बार उडून ती वाकून अडकलेली असते. नाहीतर मीटर आणि थ्रॉटलच्या मधला वळणदार रबरी बूट फाटलेला असतो आणि हवा मीटरला टाळून आत जाते.

या इंजिनाला चोरटी हवा कुठूनही चालत नाही, ऑइल भरायच्या झाकणातूनसुद्धा. दुरुस्तीनंतर चालत्या इंजिनावर ते झाकण उघडून बघा. इंजिन लगेच अडखळलं तर सगळं घट्ट आहे. काही फरकच पडला नाही तर आणखी कुठेतरी फट आहे, शोधत राहा.

पाकळीला पंप उत्तर देत असेल, बूटही धड असेल आणि तरी गाडी मरत असेल, तर मग इग्निशन स्विच. चावी सोडल्यावर कॉइलच्या पॉझिटिव्हला टेस्ट लॅम्प पेटता राहतो का, एवढं बघितलं की कळेल.

प्रश्न : साताऱ्याहून लिहितो. जुनी मॅटाडोर घेऊन आत पलंग, पाण्याची टाकी वगैरे करून फिरतीची गाडी बनवली आहे. डिझेल इंजिन. रात्री उभी केली की सकाळी चालू होते, अर्धा मिनिट चालते आणि बंद. हँड पंप मारला की मग दिवसभर तक्रार नाही. फिटर म्हणतो पंपाचं काम काढा.

उत्तर : भाऊ, फिटरला सांगा, दोन दिवस थांब. दिवसभर तक्रार नाही म्हणजे इंजेक्शन पंप ठीक आहे. लाइन एअर घेते. रात्रभरात डिझेल हळूहळू टाकीकडे परत उतरतं, सकाळी पंपात उरलेल्या डिझेलवर इंजिन अर्धा मिनिट चालतं, मागून हवा येते आणि बंद.

ही गळती सापडायला अवघड, कारण डिझेल बाहेर दिसत नाही. टाकीपासून, तिच्यातलं डिझेल ओढणाऱ्या फीड पंपापर्यंत ओढ असते, तिथे फटीतून डिझेल गळत नाही, हवा आत ओढली जाते. बाहेरून सगळं कोरडं आणि स्वच्छ. तुम्ही आतलं काम करून घेतलंत तेव्हा टाकी किंवा लाइन हलवली होती का? हलवली असेल तर तिथल्याच जोडापासून सुरू करा. रबरी नळीचे क्लॅम्प, बोल्टाखालचे तांब्याचे वॉशर (एकदा आवळलेला वॉशर पुन्हा वापरायचा नाही, नवाच घालायचा), फिल्टरच्या भांड्याचं रबर, आणि हँड पंपाची दांडी. दांडीतूनसुद्धा हवा जाते, हे फिटर सहसा बघत नाहीत. फीड पंपातल्या छोट्या व्हॉल्व्हखाली कचरा अडकला तरी डिझेल मागे उतरतं.

कुठून एअर घेते ते असं शोधा. संध्याकाळी टाकीची नळी फीड पंपाजवळ सोडवा, तिच्या जागी पारदर्शक प्लॅस्टिकची नळी लावा आणि दुसरं टोक डिझेलच्या स्वच्छ कॅनमध्ये बुडवा. रिटर्नची नळीही त्याच कॅनमध्ये. कॅन फीड पंपाच्या पातळीच्या खाली ठेवा, वर ठेवलात तर डिझेल आपोआप उतरेल आणि दोष झाकला जाईल. हँड पंप मारून एअर काढा, दहा मिनिटं चालवा, बंद करून रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी बंद न पडता चालली तर टाकीपासून तिथपर्यंतची लाइन बदलून टाका, पाचसहा मीटर नळीचं काम आहे. पडली, तर दोष फीड पंप, हँड पंप किंवा फिल्टरमध्ये. तेव्हा पारदर्शक नळी फीड पंप आणि फिल्टरच्या मध्ये लावून बुडबुडे कुठे दिसतात ते बघा, आणि मला कळवा. तोवर रात्री गाडी उतारावर अशी उभी करा की इंजिन खालच्या बाजूला राहील.